दुसरा चौकोन

मास्तरांना निवडणुकीला उभं करायचं ठरलं, तेव्हा मास्तर तिथे नव्हतेच. ते खाली दुकानात एका गिऱ्हाइकाच्या पँटची कंबर सैल करत होते. ठरवणारी मंडळी वर त्यांच्याच घरात, त्यांच्याच खुर्च्यांवर बसली होती. शाळेतल्या दोन मुलांच्या आया, टपाल वाटणारा आणि मास्तरांची लेक. तासाभराने लेक जिना उतरून आली आणि म्हणाली, आईच्या जागेसाठी तुमचा अर्ज भरतोय, इथे सही करा. मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या, सही केली आणि टाचण्या परत तोंडात धरल्या. एखाद्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं तर आधी त्याची थोडी तरी स्तुती करावी लागते. मास्तरांच्या बाबतीत तेवढेही कष्ट कुणाला पडले नाहीत.

मास्तर म्हणजे कपडे शिवणारे मास्तर. शिकवायचं काम त्यांच्या बायकोचं. सगळा वॉर्ड तिला बाई म्हणायचा, आणि घरातही मास्तर तिला बाईच म्हणायचे. ‘शिकवायचं मी आणि मास्तर म्हणवून घ्यायचं यांनी,’ असं बाई येईल त्याला सांगत, आणि तो विनोद शिळा झाला हे त्यांना शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. वॉर्डातल्या लहान शाळेत त्यांनी नोकरी केली. निवृत्त झाल्यावर त्या शिक्षण मंडळावर निवडून गेल्या, एकदा नाही, ओळीने चारदा. कुठली शाळा चालू ठेवायची आणि कुठली बंद करायची हे ते मंडळ ठरवतं. त्यांची ती लहान शाळा, एक मजली, एक्याण्णव मुलांची, बंद करून मुलं पुलापलीकडच्या मोठ्या शाळेत पाठवायचा ठराव दोनदा आला आणि दोनदा बाईंनी तो पाडला. तिसऱ्यांदा येणार होता. त्याच्या आधी, पाच महिन्यांपूर्वी, अकरा दिवसांच्या आजारात बाई गेल्या.

मास्तर रडले नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी दुकान उघडलं, कारण एकाचा कोट द्यायचा होता. लोक म्हणाले, मास्तर घट्ट माणूस. घट्टबिट्ट काही नव्हतं. सुई ढकलायला बोटावर धातूची टोपी घातली की सुई टेकल्याचं कळतं, पण लागत नाही, तसं त्यांचं झालं होतं. टोपी काढायची कशी तेवढं समजत नव्हतं. लेक आपली खोली सोडून घरी राहायला आली. ती डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर तपासायची. सकाळी जाताना ती सांगून जायची, बाबा, जेवून घ्या. मास्तर जेवून घ्यायचे. काय जेवलात असं संध्याकाळी तिने विचारलं, की त्यांना आठवायचं नाही.

अर्ज भरला आणि प्रचार सुरू झाला. शिक्षण मंडळाच्या त्या जागेला तिघं उभे होते. मास्तर, एक निवृत्त इंजिनिअर, आणि औषधाच्या दुकानाच्या मालकीण, ज्यांना सगळे ताई म्हणत. इंजिनिअर प्रत्येक निवडणुकीला उभा राहायचा. त्याला घरी करमत नसे. खरी लढत ताईंशी होती, आणि ताई वाईट असत्या तर सोपं झालं असतं. त्या अकरा दिवसांत बाईंची औषधं त्या स्वतः जिना चढून आणून द्यायच्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. लहान शाळेचं छप्पर गळतं, तिथे प्रयोगशाळा नाही, मोठ्या शाळेत मुलांचं भलं होईल. पूल ओलांडून पाच-सहा वर्षांची पोरं रोज जाणार कशी, याचं उत्तर मात्र त्यांच्याकडे नव्हतं. बाईंनी ते त्यांना तीनदा विचारलं होतं.

मंडळाच्या मतदानाच्याच दिवशी नगरपालिकेचीही निवडणूक होती, त्यामुळे गल्लीत माणसांपेक्षा उमेदवार जास्त झाले. दिव्याच्या प्रत्येक खांबावर कुणीतरी हात बांधून हसत होतं. इतकी वर्षं उंटावरून शेळ्या हाकणारा कंत्राटदार आता दारोदार फिरून गटारांची चौकशी करू लागला. व्यायामशाळेचा मालक म्हाताऱ्यांना हाताला धरून रस्ता ओलांडून देई, त्यांना ओलांडायचा नसला तरी. चौघांनी मास्तरांकडे नवे कोट टाकले. त्यातल्या दोघांनी एकमेकांना न सांगता एकाच थानातलं कापड निवडलं, आणि मास्तर काही बोलले नाहीत. एरवी बोलले असते. ताईंनीही आपला जुना करडा कोट आणला. भाषणाला घालायचा होता, खांद्यात ओघळत होता. मास्तरांनी तो नीट केला, उसवलेला खिसा बदलला आणि नव्या खिशाच्या आत आपली खूण टाकली.

या खुणेचं सांगायला हवं. कापडाची उलटी बाजू कुठली ते कळावं म्हणून शिवणारे खडूने तिथे फुली मारतात. मास्तर शिकत होते तेव्हा एका टेबलावर चौघं काम करायचे आणि फुल्यांची सरमिसळ व्हायची, म्हणून उस्तादांनी प्रत्येकाला आपापल्या फुलीला काहीतरी जोडायला लावलं. मास्तरांनी उजव्या पायाला बारीक शेपूट दिलं, गळाच्या आकड्यासारखं. पुढे स्वतःचं दुकान झालं, तेव्हा तीच शेपटाची फुली ते दोऱ्याने प्रत्येक कपड्याच्या खिशात आतून घालू लागले. नावाची पट्टी लावणं त्यांना भपका वाटायचं. चाळीस वर्षांत हात इतका बसला होता, की साधी फुली त्यांना येतच नव्हती. लेकीच्या शाळेच्या गणवेशातही ती असायची. ती लहान असताना खिशात हात घालून तिला बोटाने चाचपायची.

लेकीने प्रचाराचा कागद छापला. वर बाईंचा फोटो, खाली मास्तरांचा, आणि मोठ्या अक्षरांत: पहिला चौकोन. मतपत्रिकेवर नावं आडनावाच्या अक्षरांनुसार असतात, आणि मास्तरांचं आडनाव पहिलं येत होतं. तीन आठवडे रोज संध्याकाळी मास्तर लेकीबरोबर दारोदार गेले. बोलायची ती. मास्तर शेवटी कागद पुढे करायचे आणि म्हणायचे, “पहिला चौकोन.” हे त्यांनी हजारदा म्हटलं असेल. लोक त्यांचा हात हातात घेत, बाईंची आठवण काढत, कुणी कुणी डोळे पुसत. मास्तर त्यांच्या बाह्यांची शिवण बघत उभे राहत.

भाषणांच्या दिवशी शाळेच्या सभागृहात प्रत्येकाला दोन मिनिटं होती. वेळ संपली की घंटा. एकाच कापडाचे दोन कोट शेजारीशेजारी बसले, तेव्हा लोकांना हसू आवरेना. ताई नेमक्या दोन मिनिटांत बोलल्या. इंजिनिअरची घंटा चारदा वाजली. मास्तर उठले आणि म्हणाले, बाई असत्या तर त्यांनी नीट सांगितलं असतं, मला येत नाही, शाळा राहू द्या. चाळीस सेकंद. टाळ्या मात्र त्याहून जास्त वेळ वाजल्या. लेकीचा चेहरा फुलला होता. आपल्यालाही काहीतरी वाटायला हवं हे मास्तरांना समजलं, म्हणून ते हसले.

मतदान त्याच शाळेत, दुसरीच्या वर्गात होतं. मास्तर सकाळी लवकर गेले. दोन कागद मिळाले, पिवळा नगरपालिकेचा आणि पांढरा शिक्षण मंडळाचा. पडद्यामागे लहान मुलांचा बाक होता. त्यावर वाकून लिहायला मास्तरांना जवळजवळ गुडघे टेकावे लागले. पिवळ्या कागदावर अकरा नावं होती आणि त्यांनी ती सगळी वाचली. कुणाला द्यायचं हे दरवेळी बाई सांगायच्या. या वेळी त्यांनी एकट्याने विचार केला, कंत्राटदार नको, व्यायामशाळावाला नको, आणि चांगली तीन-चार मिनिटं घालवून एका परिचारिकेला मत दिलं. पांढऱ्या कागदाचा विचार करायचाच नव्हता. त्यांनी फुली मारली, घडी घातली, पेटीत टाकली आणि दुकानात आले.

दुपारी त्यांनी एक निळं कापड पसरलं. उलटी बाजू बघितली आणि खडूने फुली मारली. शेपूट काढता काढता हात थांबला.

सोळा वर्षांपूर्वी बाई पहिल्यांदा उभ्या राहिल्या, तेव्हा मास्तर घाबरले होते, आपल्या हातून मत वाया जाईल म्हणून. बाईंनी त्यांना वर्गातल्या पोराला सांगावं तसं सांगितलं होतं, “दुसरा चौकोन. वरून दुसरा. बाकी काही वाचायचं नाही.” बाईंनी माहेरचं आडनाव सोडलं नव्हतं, आणि योगायोग असा, की उमेदवार तीन असोत की पाच, त्यांचं नाव चारही वेळा दुसऱ्याच जागी आलं. सोळा वर्षं मास्तरांनी बाकी काही वाचलं नव्हतं. आजही वाचलं नव्हतं. पांढऱ्या कागदावर त्यांनी फुली मारली होती ती वरून दुसऱ्या चौकोनात, आणि या वेळी तिथे नाव होतं ताईंचं.

ते बराच वेळ खडू धरून उभे राहिले. घाम फुटावा, छातीत धडधडावं, असं काही होईल म्हणून वाट पाहिली. झालं नाही. एका मताने काय होतंय, असं स्वतःशी म्हणून त्यांनी कापड कापायला घेतलं.

मोजणी दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. ताई चारशे बारा, मास्तर चारशे अकरा, इंजिनिअर सदुसष्ट.

लेकीने आकडे हातावर पेनाने लिहून घेतले होते. ती ते पुन्हा पुन्हा बघत होती. फेरमोजणीचा अर्ज करायला ती निघाली तेव्हा मास्तर म्हणाले, “राहू दे पोरी. हरलो तर हरलो.”

“एका मताने?” लेक म्हणाली. “बाबा, एका मताने कुणी हरत नसतं. त्यांची कुठेतरी चूक झालीय.”

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं त्यांनी. पण तीन आठवडे पायाचे तुकडे पाडून घेतलेल्या त्या पोरीचा चेहरा समोर होता, आणि आई गेल्यापासून तिनेही दुसरं काही केलं नव्हतं. रडायच्या ऐवजी तिने निवडणूक लढवली होती. मास्तर तिच्यामागून गुपचूप गेले.

फेरमोजणी दुपारी तिसरीच्या वर्गात लागली. टेबलाच्या एका बाजूला ताई, करडा कोट घालून, आणि त्यांचा भाऊ. दुसऱ्या बाजूला मास्तर आणि लेक. मध्ये निवडणूक अधिकारी, कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेले, नाकावर चष्मा आणि बोटांना ओला स्पंज. प्रत्येक कागद ते दोन्हीकडे दाखवत, नाव घेत आणि गठ्ठ्यात ठेवत. मास्तरांचे चारशे अकरा झाले. चारशे अकराच भरले. मग ताईंचा गठ्ठा सुरू झाला, शंभर, दोनशे, तीनशे. मास्तर आपले दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते.

तीनशे चाळिसाच्या पुढे कुठेतरी अधिकारी थांबले. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला.

“ही फुली जरा वेगळी आहे,” ते म्हणाले. “शेपूट आहे हिला.” त्यांनी नियम सांगितला. मत कुणाला आहे ते स्पष्ट आहे, तेव्हा ते धरायचं. पण खुणेवरून मतदार ओळखू येत असेल, तर मत बाद. मग कागद लेकीसमोर धरून विचारलं, “काही हरकत?”

लेकीने कागद बघितला. ज्या पोरीने दहा वर्षं ती खूण खिशात बोटाने चाचपली, तिला ती ओळखायला चष्म्याचा नंबर लागत नाही. तिच्या मानेवरची शीर ताठ झालेली मास्तरांना दिसली. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते मत बाद झालं असतं तर दोघं बरोबरीत आले असते आणि चिठ्ठी टाकावी लागली असती. म्हणजे निम्मी शाळा अजून हातात होती. फक्त तिला म्हणायला हवं होतं, ही खूण माझ्या वडिलांची आहे. माझ्या वडिलांनी माझ्या आईच्या शाळेच्या विरुद्ध मत दिलंय. आपलेच दात, आपलेच ओठ.

“नाही,” लेक म्हणाली. “काही हरकत नाही.”

आणि इथे, पाच महिन्यांत पहिल्यांदा, मास्तरांना काहीतरी लागलं. इतक्या आठवड्यांची मेहनत, आईची खुर्ची, एक्याण्णव पोरं, हे सगळं तिने एका शब्दात खाली ठेवलं होतं, बापाची लाज राखायला. आणि का, हे तिने विचारलंसुद्धा नव्हतं.

“मला आहे हरकत,” मास्तर उभे राहून म्हणाले. “हे मत माझं आहे. ही माझी फुली आहे. बाद करा ते.”

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला आणि त्यांना खाली बसायला सांगितलं. मास्तर बसले नाहीत. बाईंचा चौकोन दुसरा होता, सोळा वर्षं दुसराच होता, आपण न वाचता फुली मारली, हे त्यांनी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना आवाज फाटला.

“मास्तर,” अधिकारी हळू म्हणाले, “मत गुप्त असतं. पेटीत पडलं की ते कुणाचंच नसतं. तुम्ही म्हणालात म्हणून ते तुमचं ठरत नाही. उद्या कुणीही हरलेला उमेदवार येईल आणि समोरच्याच्या गठ्ठ्यातला कागद दाखवून म्हणेल, हे माझं. ही तुमची खूण आहे याला दुसरा पुरावा आहे?”

मास्तरांची नजर ताईंकडे गेली. ताईंचा उजवा हात करड्या कोटाच्या खिशात होता. त्या खिशात आतून, दोऱ्याने, काय घातलंय हे टेबलाभोवती तिघांना माहीत होतं. ताईंची बोटं खिशात एकदा हलली आणि थांबली. त्या खाली, टेबलावरच्या गठ्ठ्याकडे बघत राहिल्या. लेक त्या खिशाकडे बघत होती. मास्तरांनी तिच्या मनगटावर हात ठेवला. ताईंनीही ही निवडणूक मन लावून लढवली होती, आणि दुसऱ्याच्या खिशात हात घालायची मास्तरांना सवय नव्हती.

“नाही,” मास्तर म्हणाले. “पुरावा नाही.”

मत धरलं गेलं. चारशे बारा, चारशे अकरा. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. शाळा गेली ती गेलीच, वर सगळ्या वॉर्डाला संध्याकाळपर्यंत कळणार होतं, की मास्तरांनी स्वतःला स्वतःच पाडलं.

बाहेर व्हरांड्यात लहान मुलांचे बाक भिंतीला लावून ठेवले होते. मास्तरांना पुढे चालवेना, ते एका बाकावर बसले. लेक समोर उभी राहिली.

“का बोललात?” ती म्हणाली. “मी गप्प बसले होते ना.”

“म्हणूनच.”

तिने हातावरचे पेनाचे आकडे अंगठ्याने घासले. मग मास्तर म्हणाले, “मुद्दाम नाही केलं गं.”

“माहीत आहे.”

“बाई गेल्या हे मला माहीत आहे,” मास्तर म्हणाले. त्यांनी उजवा हात उघडून समोर धरला, एखाद्याची तक्रार करावी तसा. “याला अजून कुणी कळवलेलं नाही.”

आणि मग ते रडले. नीट रडताही आलं नाही त्यांना, सवय नव्हती. लहान बाकावर गुडघे छातीशी आलेले, आणि तोंडातून खोकल्यासारखा आवाज येत होता. लेक शेजारी बसली. तिने त्यांचा तो हात आपल्या हातात घेतला आणि तीही रडायला लागली, आईसाठी, आता निवडणूक संपली होती म्हणून. व्हरांड्यातून जाणाऱ्या शिपायाने दोघांना पाहिलं आणि तो मागच्या मागे फिरला.

थोड्या वेळाने वर्गाचं दार उघडून ताई आल्या. भाऊ पुढे निघून गेला, त्या थांबल्या. हात अजून खिशातच होता. काहीतरी बोलायला त्यांनी दोनदा सुरुवात केली.

“मंडळाची पहिली सभा बारा तारखेला आहे, मास्तर,” त्या शेवटी म्हणाल्या. “लहान शाळेचा विषय त्याच दिवशी येईल. लोकांनाही बोलता येतं. प्रत्येकी तीन मिनिटं.”

मास्तरांनी मान हलवली. ताईंच्या चपलांचा आवाज फाटकापर्यंत ऐकू येत राहिला.

“तीन मिनिटं,” लेक नाक ओढत म्हणाली. “आईला कधी पुरली नाहीत.”

“मला चाळीस सेकंद लागतात. तू लिहून दे काहीतरी, मी वाचतो.”

“काही लिहून देणार नाही,” लेक म्हणाली. “मघाशी आत बोललात तसं बोला.”

मास्तरांनी बाहीने तोंड पुसलं आणि बारा तारखेला वार कुठला येतो ते विचारलं.